शोर जमीन

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गावर उर्दूचा तास घेत होतो. एका वाक्यात ‘शोर ज़मीन’ असे शब्द आले. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “सर, ज़मीन शोर कैसा करती?” सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मग फळ्याकडे वळून दोन्ही अर्थ लिहिले. शोर म्हणजे गलका आणि शोर म्हणजे खारटही. फारसीतले हे दोन्ही अर्थ उर्दूत तसेच राहिले आहेत. मराठीत आपण अशा जमिनीला खारवट म्हणतो, क्षारपड म्हणतो. फटाक्याच्या दारूतला ‘सोरा’ हा शब्दही याच घरातला.

तास संपल्यावर तीच मुलगी टेबलाजवळ आली. म्हणाली, “सर, आमच्या रानातबी मीठ फुटलंय. अब्बा म्हणतात, ऊस आता गुडघ्याएवढाच येतो.” तिच्या वडिलांची नदीकाठची दीड एकर मळी. एके काळी गावातली चांगली जमीन. आता उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो, चुना टाकल्यासारखा.

मी भाषेचा शिक्षक. शेतीतलं मला कळत नाही आणि बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. पण ‘शोर’ या एका शब्दामागे जाताना मी बसऱ्याच्या दलदलीत पोहोचलो, तिथून नीरेच्या कालव्यावर आलो आणि शेवटी भाताच्या मुळातल्या एका जनुकापाशी येऊन थांबलो. त्या वाटेवर जे वाचलं, ते इथे मांडतो आहे. यातला काही भाग आपल्याला आवडणार नाही. मलाही आवडला नव्हता.

खारीक आणि कैरी

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्यासाठी खारका पाण्यात भिजत घालतात. सकाळपर्यंत त्या टम्म फुगतात. उन्हाळ्यात लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात, तर तासाभरात फोडी मऊ पडतात आणि भांड्यात पाणी सुटतं. दोन्हीकडे नियम एकच आहे. मध्ये पातळ पडदा असेल, तर पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. खारकेच्या आत साखर दाट असते म्हणून पाणी आत जातं. कैरीच्या बाहेर मीठ दाट असतं म्हणून पाणी बाहेर येतं.

रोपाचं मूळ चांगल्या जमिनीत खारकेसारखं असतं. मुळाच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून पाणी आपोआप आत येतं. माती खारट झाली की तेच मूळ कैरीच्या फोडीसारखं होतं. रानात ओल आहे, हाताला गारवा लागतो, पण रोप तहानलेलं असतं. भरल्या विहिरीच्या काठावर बसून तहानेने जीव जावा, तशी ही स्थिती. याला परासरणाचा ताण म्हणतात. पुढे मीठच, म्हणजे त्यातलं सोडियम, हळूहळू पानांपर्यंत चढतं आणि पानं कडेने करपू लागतात. पहिला मार तहानेचा, दुसरा विषाचा.

मिठाने गव्हाला हरवलं

जमिनीत हे मीठ येतं कुठून? समुद्राकाठी ते भरतीबरोबर येतं. पण समुद्रापासून दूर असलेल्या काळ्या रानात ते बहुतेक वेळा माणूसच आणतो. नदीच्या गोड पाण्यातही थोडे क्षार विरघळलेले असतात. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं भरपूर दिलं आणि त्याला निचऱ्याची वाट ठेवली नाही, तर जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं ते पाणी मातीतून वर चढतं. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ मागे राहतं.

माणसाने हा धडा पहिल्यांदा शिकला तो दजला आणि फुरात या नद्यांच्या दुआबात, आजच्या दक्षिण इराकमध्ये. 1958 साली थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट ॲडम्स या दोन अभ्यासकांनी सुमेरच्या मातीच्या पाट्यांवरच्या नोंदी वाचून एक चित्र मांडलं. इ.स.पू. 3500च्या सुमारास तिथे गहू आणि जव जवळजवळ बरोबरीने पेरले जात. हजार वर्षांनी गहू साधारण सहाव्या हिश्शावर आला. इ.स.पू. 1700च्या सुमाराला दक्षिण भागात गहू दिसेनासा झाला. जव मिठाला गव्हापेक्षा जास्त सोसतो, म्हणून तो उरला. पण त्याचंही उत्पन्न घटत गेलं. या मांडणीला पुढे काही विद्वानांनी हरकत घेतली. पीक बदलण्यामागे इतरही कारणं असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. तरी कालव्यांच्या पाण्याने ती जमीन खारवली, यात फारशी शंका नाही. त्या मातीत आजही मीठ आहे.

सुमेरच्या शेतकऱ्याने जे केलं, ते आपला शेतकरी आजही करतो. पीक बदललं. जमिनीला जे झेपेल ते पेरलं.

बसऱ्याचं मीठ

याच मातीत, सुमेरनंतर अडीच हजार वर्षांनी, अब्बासी खिलाफतीच्या काळात दुसरा उपाय केला गेला.

आपण मुलांना अब्बासी काळ कसा शिकवतो? बगदाद, बैतुल हिकमा, अल ख्वारिज्मी, ग्रीक ग्रंथांची भाषांतरं. हे सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याच शतकात बगदादच्या दक्षिणेला, बसऱ्याच्या आसपासच्या दलदलीत, हजारो माणसं फावड्याने मीठ खरवडत होती, हे मी बी.एड.पर्यंत कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याचा तिच्यावर हक्क असतो, असं इस्लामी फिक्हमध्ये एक तत्त्व आहे. त्याला ‘इह्या अल मवात’ म्हणतात, मेलेल्या जमिनीला जीवदान देणं. त्यासाठी शासकाची परवानगी लागते की नाही, यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शागिर्द अबू यूसुफ यांच्यात मतभेद होता. उस्ताद म्हणत, परवानगी हवी. शागिर्द म्हणत, गरज नाही. तत्त्व सुंदर आहे. कसणाऱ्याच्या घामाला ते मोल देतं.

पण बसऱ्यात घाम एकाचा होता आणि जमीन दुसऱ्याची झाली. तिथल्या धनिकांनी खारवलेल्या पडीक जमिनी घेतल्या आणि त्यांवरचा मिठाचा थर खरवडून काढण्यासाठी पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम जुंपले. अरबीत त्यांना ‘ज़ंज’ म्हणत. पाचशेपासून पाच हजारांपर्यंतच्या टोळ्यांत ते राबत. खाणं म्हणजे मूठभर पीठ आणि खजूर. थर खरवडायचा, गाढवं-खेचरांवर लादायचा, दूर नेऊन ढीग घालायचे. खालची स्वच्छ माती उघडी पडली की पेरणी दुसऱ्यांची.

इतिहासकार अत तबरी (839-923) याने या माणसांसाठी ‘शूरजिय्यीन’ असा शब्द वापरला आहे. अभ्यासक त्याचा संबंध फारसी ‘शोरा’शी जोडतात. म्हणजे मी फळ्यावर लिहिलेला शब्द त्या माणसांच्या पाठीवरचा होता.

सप्टेंबर 869 मध्ये, हिजरी 255 साली, अली इब्न मुहम्मद नावाच्या माणसाच्या मागे हे गुलाम उठले. हा उठाव चौदा वर्षं चालला. त्यांनी अल मुख्तारा नावाची आपली राजधानी वसवली. 871 मध्ये बसरा जिंकलं आणि तिथे मोठी कत्तल केली. ज्यांनी गुलामी भोगली, त्यांनी पुढे स्वतःही लोकांना गुलाम केलं. हेही लपवता येत नाही. शेवटी खलिफा मुअतमिदचा भाऊ अल मुवफ्फक याने 883 मध्ये उठाव मोडून काढला. मात्र त्यानंतर त्या भागात एवढ्या मोठ्या प्रमाणावर शेतीत गुलाम राबवले गेले नाहीत, असं अनेक इतिहासकार मानतात.

ज्या धर्माने गुलाम मुक्त करण्याला पुण्य म्हटलं, त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांच्या काळात हे झालं. ‘इतरांकडेही असंच होत होतं’ हे उत्तर मला पुरत नाही. इतरांचं त्यांनी पाहावं. आपला इतिहास आपण पूर्ण वाचला पाहिजे, बैतुल हिकमाही आणि मिठाचे ढीगही. जमीन जिवंत करताना माणसं मेली, याची नोंद आपल्याच तबरीने ठेवली. तिच्याकडे पाठ आपण फिरवली.

मातीची चव घेणारे

त्याच परंपरेत दुसऱ्या वाटेने जाणारेही होते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इराकमधल्या इब्न वहशिय्याने ‘अल फिलाहा अन नबतिय्या’ हा शेतीवरचा मोठा ग्रंथ अरबीत आणला. खारट जमिनींचा विचार त्यात केलेला आहे. अकराव्या शतकात अंदलूसमध्ये, टोलेडोच्या इब्न बस्सालने मातीचे दहा प्रकार सांगितले आणि कुठल्या मातीला काय मानवतं ते लिहिलं. बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल अव्वामने आधीच्या साऱ्यांचं ज्ञान एकत्र करून ‘किताब अल फिलाहा’ लिहिली. 1802 मध्ये स्पेनमध्ये ती मूळ अरबीसह स्पॅनिशमध्ये छापली गेली.

माती पाण्यात भिजवायची, पाणी गाळायचं आणि चाखून पाहायचं, ही परीक्षा रोमन काळापासून चालत आलेली होती. आज प्रयोगशाळेत मातीच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. जिभेची जागा यंत्राने घेतली, एवढाच फरक. ही मंडळी जमिनीला विचारत होती, ‘तुला काय झालंय?’ बसऱ्याचे धनिक तिला फक्त विचारत होते, ‘तू किती देशील?’

नीरेचा कालवा

दुसरा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातही विचारला गेला. 1885च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीकडच्या दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं. ऊस आला, पैसा आला. पंचवीस वर्षांत रानं पांढरी पडू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. म्हणजे 1910 पासून सरकारदरबारी माहीत होतं की काळ्या, खोल जमिनीला निचऱ्याशिवाय पाटाचं पाणी दिलं तर काय होतं.

तरी पुढे कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी तेच झालं. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आज क्षारपड रानं पाहायला दूर जावं लागत नाही. देशभरात सुमारे 67 लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे. या प्रश्नासाठी 1969 मध्ये हरियाणात कर्नालला स्वतंत्र केंद्रीय संस्था काढावी लागली.

रोपाच्या आत काय घडतं

इतकी हजार वर्षं माणूस मिठाकडे वरून पाहत होता. रोप आत काय करतं, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

1877 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफरने पडद्यातून जाणाऱ्या पाण्याचा दाब मोजला. ॲमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्रीस मिठाच्या पाण्यात वनस्पतीच्या पेशी ठेवून त्या आकसताना पाहत होते. त्यांच्याकडून फेफरचे आकडे त्यांचे सहकारी व्हान्ट हॉफ यांना समजले आणि त्यांतून परासरणाचा नियम तयार झाला. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हान्ट हॉफ यांना मिळालं. ईदच्या खारकेमागचं गणित तेव्हा सुटलं.

पण रोप म्हणजे खारीक नव्हे. खारीक फुगते नाहीतर सुकते, एवढंच. रोप जिवंत आहे. त्याला पळता येत नाही, पण बदलता येतं. कसं, ते समजण्याची गोष्ट 1960च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेत कापसाची बोंडं का गळतात, याचा शोध घेणाऱ्यांना एक रसायन सापडलं. ब्रिटनमध्ये झाडांचे डोळे हिवाळ्यात का झोपतात, हे पाहणाऱ्यांना जे सापडलं, तेही तेच निघालं. त्याला ॲबसिसिक आम्ल असं नाव पडलं. मग 1969 मध्ये दिसलं की गव्हाचं पान कोमेजू लागताच त्यात हे रसायन भराभर वाढतं आणि ते वाढलं की पानावरची सूक्ष्म छिद्रं बंद होतात. पाण्याची वाफ थांबते. रोपाचा हा धोक्याचा निरोप होता.

निरोप कुणाला? जनुकांना. इथे शिक्षकाच्या सवयीने एक उदाहरण देतो. रोपाच्या प्रत्येक पेशीत तेच संपूर्ण पुस्तक असतं. मुळाच्या पेशीत वेगळं आणि पानाच्या पेशीत वेगळं, असं नसतं. फरक असतो तो कुठलं पान उघडून वाचलं जातं याचा. जनुक वाचलं गेलं की त्याप्रमाणे प्रथिन तयार होतं. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. तहान लागली की पुस्तक बदलत नाही. उघडलेली पानं बदलतात.

1988 मध्ये भातात असं एक जनुक सापडलं, जे एरवी गप्प असतं पण पाणी तुटलं किंवा ॲबसिसिक आम्ल दिलं की बोलू लागतं. मग प्रश्न आला, कुठलं पान उघडायचं हे ठरतं कसं? 1994 मध्ये जपानच्या काझुको यामागुची-शिनोझाकी आणि काझुओ शिनोझाकी या दांपत्याने मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर काम करून याच्या उत्तराचा एक भाग दिला. जनुकाच्या आधीच्या मजकुरात नऊ अक्षरांची एक खूण असते: टी-ए-सी-सी-जी-ए-सी-ए-टी. ताण आला की काही प्रथिनं ही खूण ओळखून तिला चिकटतात आणि पुढचं जनुक वाचायला लावतात. 1998 मध्ये ती प्रथिनंही सापडली. ज्या ज्या जनुकांपुढे ही खूण आहे, ती सगळी एका हाकेसरशी जागी होतात. मोहल्ल्यात आग लागली की ज्यांच्या घरी बादली आहे ते सगळे धावत येतात, तसं.

किती धावून येतात? 2002 मध्ये जपानी गटाने त्याच रोपाची सुमारे 7000 जनुकं एकदम तपासली. दुष्काळात 277 आणि खाऱ्या पाण्यात 194 जनुकांचा आवाज पाचपटीहून अधिक वाढला होता. कोणी प्रोलिन नावाचं द्रव्य आणि साखरा बनवायला लावतात, म्हणजे पेशीतला रस दाट होऊन पाणी पुन्हा आत येऊ लागतं. कैरीची फोड स्वतःला परत खारीक करू पाहते, असं म्हणा. कोणी अशी प्रथिनं बनवतात, जी सुकणाऱ्या पेशीतले नाजूक भाग सांभाळतात. कोणी सोडियम पेशीबाहेर ढकलणारे पंप उभे करतात, कोणी ते पेशीतल्या एका पोकळीत कोंडून ठेवतात. हे सारं काही तासांत सुरू होतं.

मुलीने विचारलं होतं, जमीन शोर कसा करते. खरं म्हणजे तिने नकळत बरोबरच विचारलं होतं. जमीन शोर झाली की रोपाच्या आत गलका सुरूच होतो.

सदा भेदरलेलं रोप

इथे एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खूण ओळखणारं ते प्रथिन एवढं गुणी, तर ते रोपात कायम चालू ठेवलं तर? जपानी गटाने तसं करून पाहिलं. रोपं दुष्काळ, मीठ आणि थंडी तिन्ही सोसू लागली. पण ती खुजी राहिली. नीट वाढलीच नाहीत. कारण संकटाला तोंड देण्यात ताकद खर्च होते आणि संकट नसतानाही ती खर्च होत राहिली, तर वाढायला काही उरत नाही. 1999 मध्ये त्यांनी तोड काढली. ते प्रथिन कायम चालू न ठेवता, ताण आला तरच चालू होईल अशी कळ त्याला जोडली. रोपं सोशिकही राहिली आणि बहुतांशी नीट वाढलीही.

मी वर्गात रोज मुलं पाहतो. घरातलं, रस्त्यावरचं, मोबाइलमधलं काही ना काही ऐकून काही मुलं सतत दचकलेली असतात. माणूस म्हणजे रोप नव्हे आणि विज्ञानातून असे बोध काढू नयेत, हे मला कळतं. तरीही तो प्रयोग वाचला त्या दिवशी मला ती मुलं आठवली. सोसायची ताकद हवीच, पण सोसण्यातच सगळं आयुष्य गेलं तर वाढायचं कधी?

बियाणं कुणी जपलं

आता शेवटचा मुद्दा. मिठाला तोंड देणारी जनुकं शास्त्रज्ञांना सापडली कुठे?

2005 मध्ये मुळातून पानाकडे जाणारं सोडियम वाटेतच अडवणारं भाताचं एक जनुक नेमकं हाती लागलं. ते ‘नोना बोकरा’ या जुन्या देशी वाणातलं होतं. बंगालीत नोना म्हणजे खारट. त्याआधी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरचा ‘सॉल्टोल’ म्हणून ओळखला जाणारा भाग ज्या वाणातून मिळाला, तो केरळच्या खाजणातला ‘पोक्काली’. तिथे पावसाळ्यात पाणी गोडावलं की भात करतात आणि भात निघाल्यावर त्याच शेतात कोळंबी. आपल्या कोकणात खारेपाटातले शेतकरी ‘काळा राता’, ‘भुरा राता’ असे वाण पेरत आले. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यांतून निवड केली आणि पुढे नवे वाणही काढले.

माझं आजोळ रायगडात, खाडीकाठी. नाना दरवर्षी गावकऱ्यांबरोबर खारीचा बांध धरायला जात. बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात आणि वर्षाचं पीक गेलं. नानी कणगीतून बियाण्याचं भात वेगळं काढून ठेवी. घरात खायला कमी पडलं तरी त्याला हात लावू देत नसे. तो तांबडा जाडा भात आम्हा मुलांना आवडायचा नाही. शहरातून आलेलो आम्ही पांढरा भात मागायचो. नानी म्हणायची, “बाबा, हा आपल्या खारीला ओळखतो.”

नानीला जनुक हा शब्द माहीत नव्हता. पण जे रोप खारीत तगलं त्याचंच बी तिने ठेवलं. तिच्या आधी तिच्या सासूने ठेवलं होतं. आगरी, कोळी, कुणबी, आमच्यासारखे कोकणी मुसलमान, बांधावर सगळ्यांचं एकच काम. प्रयोगशाळेने जे जनुक वाचलं, ते या लोकांनी निवडून, उपाशी राहून जपलं होतं. शोधनिबंधांवर त्यांची नावं नाहीत. तबरीच्या पानांतही शूरजिय्यीनपैकी फार थोड्यांची नावं आहेत.

गव्हाचीही अशीच गोष्ट झाली. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात एका जुन्या, एकदाणी गव्हाच्या जातीतलं सोडियम अडवणारं जनुक साध्या संकरातून पास्त्याच्या गव्हात आणलं गेलं. खारवट शेतात उत्पन्न 25 टक्क्यांपर्यंत जास्त आलं. हा एकदाणी गहू माणसाने पहिल्यांदा पेरला तो आजच्या आग्नेय तुर्कस्तानात, दजला-फुरातच्या उगमाकडच्या डोंगरांत. त्याच नद्यांच्या खालच्या अंगाला सुमेरच्या शेतकऱ्याने मिठापुढे हरून गहू सोडला होता. उपाय नदीच्या वरच्या अंगाला होता. वाचता यायला चार हजार वर्षं लागली.

दीड एकर

परवा त्या मुलीचे वडील शाळेत भेटले. मी वाचलेलं त्यांना उत्साहाने सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग सर, असं बी टाकलं तर रानातलं मीठ जाईल का?”

नाही. हेच सांगायचं राहिलं होतं. जनुक मीठ सोसतं, मीठ काढत नाही. सोशिक वाणाच्या भरवशावर पाणी तसंच देत राहिलो, तर आज सोसणारं पीकही उद्या हरेल. सुमेरच्या जवाचं तेच झालं. मीठ काढायचं तर पाण्याला बाहेरची वाट द्यावी लागते. त्यांच्या शिवारात जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचा विचार चालू आहे. पण त्यात अडचण अशी की एकट्याने पाईप टाकून चालत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळूनच करावं लागतं. खर्च आहे, आणि त्याहून अवघड म्हणजे बांधाला बांध असलेल्यांची बैठक बसवणं. वरच्या अंगाच्या रानवाल्याला मीठ दिसत नाही. त्याने मोकाट सोडलेलं पाणी खालच्याच्या रानात मीठ होऊन फुटतं.

“बैठक बसवा,” मी म्हणालो. “कागद लिहायचा असेल तर मी लिहून देतो. मराठीत.”

ते हसले. “लिवा की. निदान पोरीला तरी कळंल, जमीन कशापाई ओरडती.”

अर्ज लिहून ठेवला आहे. सात जणांच्या सह्या झाल्यात, चार बाकी आहेत. ते चौघे वरच्या अंगाचे.